हातात काम आहे तोवरच करून ठेवायची तयारी

मी गेली अकरा वर्षं पुण्यात घरून भाषांतर करतेय, इंग्रजीतून मराठी, जास्तकरून अ‍ॅपचा मजकूर आणि ट्रेनिंगचं मटेरियल. नवीन येणारी पोरं विचारतात की काम अचानक थांबलं तर काय, तर त्यांच्यासाठी ही यादी, पण ही काम थांबल्यावर करायची नाही, काम चालू असताना करायची, कारण रिकामं बसलं की जीव घाबरतो आणि पडेल त्या रेटला आपण हो म्हणून बसतो.

आधी बँकेत दोन खाती करा. क्लायंटचे पैसे एकात येऊ देत, आणि तिथून दर 1 तारखेला स्वतःला ठरलेला पगार दुसऱ्यात टाका, महिना 90 हजारांचा गेलेला असो नाहीतर 25 चा. पहिल्या खात्यात सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत नवीन लॅपटॉप, ट्रिप काही नाही. तीन महिन्यांचा पुरतो असं बरेच जण सांगतात, मला नाही पटत, कारण आज काम मिळालं तरी ते संपवून बिल टाकून पैसे हातात यायला दोन-अडीच महिने सहज जातात. टॅक्सचे पैसे ह्यात धरायचे नाहीत, ते वेगळे ठेवा. क्लायंटने 10 टक्के टीडीएस कापला म्हणजे आपला टॅक्स भरून झाला असं नसतं, मार्चमध्ये धावपळ होते.

मग लेखी. 2019 मध्ये एका एजन्सीकडे माझे 62 हजार सात महिने अडकले, सगळं फोनवर ठरलेलं, आणि ज्या मॅडमशी बोलणं झालं त्या नोकरी सोडून गेल्या. तेव्हापासून फोन ठेवला की पाच मिनिटांत मेल टाकते, आत्ता बोलल्याप्रमाणे 8,400 शब्द, रेट अमुक, डिलिव्हरी शुक्रवारी संध्याकाळी, पेमेंट 30 दिवसांत, बरोबर ना? समोरून हो आल्याशिवाय फाइल उघडत नाही, कितीही घाई असू दे.

उद्यम रजिस्ट्रेशनही, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, करून टाका. सरकारी पोर्टलवर आधार-पॅनवर होतं, फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांसाठीच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पेमेंट 45 दिवसांपुढे नेता येत नाही, मुदत ठरलेलीच नसेल तर 15 दिवस, आणि उशीर झाला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. मात्र ही नोंदणी क्लायंटचं काम घेण्याआधी करा, नंतर केलं तर समोरच्याला वाद घालायला जागा मिळते. मेलमध्ये खाली उद्यम नंबर टाकला की बऱ्याचदा पुढचं काही करावंच लागत नाही.

एका क्लायंटकडून एक तृतीयांशापेक्षा जास्त कमाई होऊ देऊ नका. माझी 70 टक्के एकाकडूनच होती, 2023 मध्ये ते मशीन ट्रान्सलेशनवर गेले आणि निम्म्याहून कमी रेटमध्ये मशीनचं तपासून द्या म्हणाले. असं काम सरसकट नाकारू नका, पण आधी 500 शब्द घड्याळ लावून करून बघा. माझ्या नमुन्यात फोन चार्ज करा ह्याचं मशीनने फोनवर शुल्क आकारा असं केलं होतं, असली वाक्यं हुडकायला नव्याने लिहिण्याइतकाच वेळ जातो, म्हणून मी ते काम तासाच्या रेटने मागितलं आणि मिळालं.

हेल्थ इन्शुरन्स तब्येत धड आहे तेव्हाच घ्या, कारण सुरुवातीचे 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. लाइट जाते, तेव्हा राउटरला छोटा यूपीएस लावा, फाइल रोज दुसरीकडे कॉपी करा.

आणि घरच्यांना सांगून ठेवा. माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर चालू क्लायंटचे मेल, इन्शुरन्सचा नंबर आणि एका मैत्रिणीचा फोन, मी हॉस्पिटलात असले तर माझी अर्धी राहिलेली फाइल ती पूर्ण करून देणार, तिची मी. दर महिन्याला पगार टाकते त्याच दिवशी तो कागद बदलते.