व्हरोआ कोळी मोजा, मगच औषध द्या

मेलिफेरा (युरोपीय) मधमाश्यांच्या वसाहतींचा सर्वांत मोठा शत्रू व्हरोआ कोळी, म्हणजे माश्यांच्या अंगावर जगणारा बारीक परजीवी. पंख चुरगळलेल्या माश्या पेटीसमोर सरपटताना दिसू लागल्या, की बराच उशीर झालेला असतो, कारण कोळी वाढतो तो मेणाच्या टोप्यांनी झाकलेल्या पिलाव्यात (अंडी, अळ्या, कोष म्हणजे पिलावा), नजरेआड. म्हणून पिलावा असेल त्या काळात दर महिन्याला मोजणी करा.

उघड्या पिलाव्याची फ्रेम निवडा. कोळी पिलावा सांभाळणाऱ्या तरुण माश्यांवर जास्त असतात, मधाच्या फ्रेमवरून नमुना घेतला तर आकडा फसवा येतो. आधी राणी शोधून ती असलेली फ्रेम बाजूला ठेवा. हे कधीही टाळू नका. निवडलेली फ्रेम टबात झटका, वयस्क माश्या उडून जाऊ द्या आणि उरलेल्यांतून अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या, बरणीत घ्या. झाकणाला सुमारे ३ मिलिमीटर छिद्रांची जाळी हवी: कोळी पडेल, माशी नाही.

जाळीवरून दोन मोठे चमचे पिठीसाखर घाला. बरणी मिनिटभर हळूहळू फिरवा, दोन-तीन मिनिटे सावलीत ठेवा, मग उलटी करून पांढऱ्या ट्रेवर मिनिटभर जोरात हलवा. साखरेवर पाणी शिंपडलं की ती विरघळते आणि तांबूस कोळी स्पष्ट दिसतात. संख्येला तीनने भागा. ते झालं शंभर माश्यांमागचं प्रमाण. माश्या पेटीत परत सोडा.

हवा दमट असेल किंवा माश्या मकरंदाने ओल्या असतील तर साखरेच्या गुठळ्या होतात, कोळी सुटत नाहीत. अशा दिवशी मोजलेल्या कमी आकड्यावर विसंबू नका. अल्कोहोलने धुऊन केलेली मोजणी जास्त अचूक असते. त्यात नमुन्यातल्या माश्या मरतात, पण शंका असेल तर तीच करा. वसाहत गमावण्यापेक्षा ते परवडतं.

शंभरामागे ३ कोळी आले, की उपचार लांबवू नका. फॉर्मिक आम्लाची वाफ झाकलेल्या पिलाव्यातही पोहोचते, मात्र उष्म्यात ती राणीच्या जिवावर उठते. ऑक्झॅलिक आम्ल टोप्यांच्या आत जात नाही, म्हणून ते पिलावा नसतानाच पूर्ण काम करतं. दोन्ही आम्लं भाजतात, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि आम्लाच्या वाफेसाठीचा मुखवटा घाला. मात्रा लेबलवरचीच.

नर माश्यांचा पिलावा कोळ्याला अधिक भावतो, कारण तो जास्त दिवस झाकलेला राहतो. नरांसाठी वेगळी फ्रेम देऊन झाकलेला पिलावा कापून टाकता येतो. अंड्यापासून नर बाहेर पडायला २४ दिवस लागतात. त्याआधी फ्रेम काढायची राहिली, तर तुम्ही कोळीच पाळलेत असं समजा.

उपचार संपल्यावर पुन्हा मोजा. आकडा खाली आला नसेल, तर तेच औषध परत न देता वेगळं निवडा.