चौकोनातून गोलाकडे: सपाट उलगडणारा पत्र्याचा जोड कसा आखावा

ब्लोअरचे चौकोनी तोंड आणि त्यापुढचा गोल पाइप यांना जोडणाऱ्या तुकड्याला कारखान्यात ‘स्क्वेअर टू राउंड’ म्हणतात. तो सपाट पत्र्यातून कापून, कुठेही न ताणता, केवळ वाकवून तयार होत असेल तरच त्याची आखणी बरोबर आहे असे मानावे. गाऊस यांनी १८२७ मध्ये दाखवून दिले की पृष्ठभाग न ताणता वाकवला तर त्याची मूळ वक्रता बदलत नाही. सपाट पत्र्याची ही वक्रता शून्य असल्यामुळे त्यापासून होणाऱ्या आकाराच्या प्रत्येक बिंदूतून एक सरळ रेषा गेली पाहिजे आणि त्या संपूर्ण रेषेवर स्पर्शप्रतल एकच राहिले पाहिजे. संगणकावर खाली चौकोन, वर वर्तुळ काढून सरसकट लॉफ्ट केल्यास (म्हणजे दोन आकारांमधला पृष्ठभाग संगणकालाच भरू दिल्यास) अनेकदा दुहेरी वक्रतेचा, म्हणजे एकाच वेळी दोन दिशांना वाकलेला, पृष्ठभाग तयार होतो. पडद्यावर तो देखणा वाटतो, पण त्याची अचूक उलगड निघूच शकत नाही.

बरोबर आकारात चार सपाट त्रिकोण आणि चार तिरप्या शंकूंचे तुकडे असतात. प्रत्येक त्रिकोण चौकोनाच्या एका बाजूवर उभा असतो, तर प्रत्येक शंकूचे टोक चौकोनाच्या एका कोपऱ्यात असते. सपाट भाग कुठे संपतो आणि शंकू कुठे सुरू होतो, हा या कामातला सर्वात महत्त्वाचा निर्णय आहे. त्रिकोणाचे टोक वर्तुळाच्या अशा बिंदूवर ठेवावे की तिथली स्पर्शरेषा चौकोनाच्या त्या बाजूला समांतर असेल. तसे केल्यास दोन्ही भाग त्या रेषेवर गुळगुळीत मिळतात, अन्यथा तिथे घडी पडते. वर्तुळ मध्यापासून सरकलेले असले तरी हाच नियम चालतो. वर्तुळ तिरपे असेल, तर जी बाजू त्याच्या प्रतलाला समांतर नाही ती वाढवून त्या प्रतलाला जिथे छेदते तो बिंदू शोधावा आणि त्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शरेषा काढावी. तिचा स्पर्शबिंदू हेच त्रिकोणाचे टोक होय.

उदाहरणादाखल ४०० मिमी बाजूचा चौकोन, त्यावर बरोबर मध्यभागी ३०० मिमी व्यासाचे वर्तुळ आणि ३०० मिमी उंची घेऊ. पत्र्याला जाडी असते, म्हणून गोल तोंडासाठी आतला व्यास अधिक एक जाडी, म्हणजे मध्यरेषेचा व्यास धरावा. चौकोनाचे कोपरे धारदार वाकणार असतील तर तिथे आतले माप घ्यावे.

वर्तुळाचे १२ समान भाग करावेत. प्रत्येक कोपऱ्याच्या वाट्याला त्यांतले चार बिंदू येतात. वरून दिसणाऱ्या आकृतीत कोपऱ्यापासून बाहेरच्या दोन बिंदूंचे अंतर २०६.२ मिमी आणि आतल्या दोन बिंदूंचे १४३.३ मिमी भरते. ही खरी लांबी नव्हे. हे अंतर एक भुजा आणि उंची दुसरी भुजा धरून काटकोन त्रिकोण काढावा. त्याचा कर्ण ही खरी लांबी. ती अनुक्रमे ३६४.० आणि ३३२.५ मिमी येते.

वर्तुळावरच्या भागांचे माप घेताना मात्र विशेष जपावे. आकृतीवरून कंपासने घेतलेले अंतर ही जीवा असते, ७७.६५ मिमी, प्रत्यक्ष कंस ७८.५४ मिमी असतो. १२ जीवांची बेरीज घेरापेक्षा सुमारे १०.७ मिमी कमी भरते, म्हणजे तोंड पाइपपेक्षा व्यासाने जवळजवळ साडेतीन मिमी लहान होते. म्हणून कंसाचे माप हिशेबाने काढून तेच कंपासमध्ये धरावे. २४ भाग केल्यास जीवा घेऊनही ही तूट २.७ मिमीवर येते.

सांधा एखाद्या सपाट त्रिकोणाच्या मध्यावर घ्यावा, कारण ती सर्वात आखूड आणि सरळ रेषा आहे. आखणी सांध्यासमोरच्या त्रिकोणापासून सुरू करावी: ४०० मिमीचा पाया आखून दोन्ही टोकांवरून ३६४.० मिमीचे कंस मारावेत. ते जिथे छेदतात तो वर्तुळावरचा पहिला बिंदू. त्या बिंदूवरून ७८.५४ आणि लगतच्या कोपऱ्यावरून ३३२.५ मिमीचा कंस मारला की पुढचा बिंदू मिळतो. त्यापुढचा बिंदू याच दोन मापांनी आणि चौथा ७८.५४ व ३६४.० मिमीने घ्यावा. मग या चौथ्या बिंदूवरून ३६४.० आणि आधीच्या कोपऱ्यावरून ४०० मिमी घेऊन नवा कोपरा ठरवावा. दोन्ही बाजूंना असेच पुढे जाऊन शेवटी २०० मिमी पाया आणि ३०४.१ मिमी उंचीचा (५० आणि ३०० मिमी भुजांच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण) अर्धा त्रिकोण जोडावा. त्याचा पायाशी काटकोन येतो का, ते गुण्याने तपासावे. येत नसेल तर आधीचे एखादे माप चुकले आहे. वर्तुळाचे बिंदू लवचीक पट्टी धरून गुळगुळीत वक्राने जोडावेत, आणि सांध्याची लॉक सीम (कडा एकमेकींत दुमडून केलेला जोड) किंवा फ्लँज (जोडणीसाठी बाहेर वळवलेली कड) यांसाठीची वाढ या सगळ्यानंतर बाहेरच्या बाजूने द्यावी.

सॉलिडवर्क्स या संगणकीय आरेखन प्रणालीत हेच काम लॉफ्टेड बेंड या पत्र्याच्या कामासाठीच्या आज्ञेने करता येते. त्यासाठी दोन्ही स्केच उघडी ठेवावी लागतात, म्हणजे सांध्याच्या जागी लहान फट सोडावी लागते. दोन्ही फटी समोरासमोर असाव्यात आणि चौकोनाच्या कोपऱ्यांना छोटी त्रिज्या द्यावी. निघालेल्या फ्लॅट पॅटर्नवर (सपाट उलगडीवर) ३६४.० आणि ३०४.१ मिमी ही दोन मापे पडताळून पाहावीत. कोपऱ्याच्या त्रिज्येमुळे आणि जाडीमुळे थोडा फरक दिसेल, पण तो मोठा असेल तर स्केचमधील स्पर्शबिंदू किंवा फट पुन्हा तपासल्याशिवाय फाइल लेझर कटिंगला देऊ नये.