कारखान्यात बनलेलं घर प्लॉटवर कसं आणावं

छत्रपती संभाजीनगरात देवळाईच्या बाजूला एका निवृत्त गुरुजींच्या प्लॉटवर आम्ही तयार घर बसवलं. सकाळी सातला ट्रेलर आला आणि दिवेलागणीला चार खोल्या उभ्या होत्या. बघायला सगळी गल्ली जमली. पण त्या एका दिवसामागे आठ महिने होते, आणि त्यातले बहुतेक कागदांत गेले. म्हणून पहिलंच कळकळीचं सांगणं: परवानगी हातात पडेपर्यंत कारखान्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

"हे उचलून नेता येतं, याला कसली परवानगी?" असं काही विक्रेतेच सांगतात. ऐकू नका. राहण्यासाठी पायावर कायम बसवलेलं घर विटांचं असो की लोखंडी सांगाड्यावर सँडविच पॅनलचं (दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक थर असलेल्या तयार भिंतींचं), महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे त्याला परवानगी लागतेच. विनापरवाना बसवलंत तर बांधकाम काढून टाकण्याची कलम ५३ची नोटीस येऊ शकते, आणि बँकही कर्जाला हात लावत नाही.

आधी जमीन

मराठवाड्यात सातबाऱ्यावर नुसतं मालकाचं नाव बघून भागत नाही. भोगवटादार वर्ग १ आहे की २ (वर्ग २ची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही), इतर हक्कांत कुळाची नोंद आहे का, जमीन मुळात इनामी तर नाही ना, हे फेरफार काढून बघा. निजामकाळातली इनामं आणि हैदराबाद कुळकायद्याच्या ३८-ईच्या, म्हणजे कुळाला मालकी दिल्याच्या नोंदी आजही व्यवहार अडवतात. त्यानंतर जमीन बिनशेती असल्याचा कागद, मंजूर ले-आउट आणि भूमी अभिलेखची हद्द मोजणी. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेला असेल तर आधी तो नियमित करून घ्या. "रजिस्ट्री झालीय ना" एवढ्यावर नकाशा मंजूर होत नाही.

अर्ज नेमका कुठे करायचा हेही आधीच विचारा. सातारा-देवळाई हा भाग शहराच्या महापालिकेत आहे, पण शहराला लागूनच्या कितीतरी गावांत नियोजन प्राधिकरण वेगळं असतं. तिथल्या नगररचना विभागातून झोन दाखला घ्या. प्लॉटवर आरक्षण किंवा विकास आराखड्यातला रस्ता आहे का, ते त्यात कळतं.

नकाशा आणि मॉड्यूलचं माप

राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० पासून बांधकामाची एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर (एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली). परवानाधारक अभियंता किंवा आर्किटेक्टमार्फत ऑनलाइन अर्ज होतो. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना त्यात सोपी पद्धत आहे.

तयार घराची खरी अडचण मापात आहे. मोटार वाहन नियमांप्रमाणे साधारण मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत हवी, म्हणून कंटेनरच्या मापाचं मॉड्यूल, म्हणजे कारखान्यात पूर्ण तयार झालेला घराचा एक भाग, २.४४ मीटर रुंद येतं. अशी तीन शेजारी ठेवली की ७.३२ मीटर झाले. ९ मीटर रुंद प्लॉटवर दोन्ही बाजू मिळून १.६८ मीटरच उरतात. विटांचं काम असतं तर भिंत वीतभर आत घेता आली असती, इथे ती सोय नाही. म्हणून प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, म्हणजे सामासिक अंतरं, आधी काढा आणि मग कारखान्याचं कॅटलॉग उघडा.

नकाशासोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं डिझाइन जोडा, भूकंप आणि वारा दोन्ही धरून केलेलं. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. दगडमातीच्या जड भिंतींनी तेव्हा माणसं गाडली. पोलादी घर हलकं, म्हणून भूकंपात उजवं. पण हलकं म्हणूनच वळवाच्या वादळात ते पायाला घट्ट जखडलेलं लागतं. पॅनलच्या पद्धतीला बीएमटीपीसीचं (बांधकाम साहित्य व तंत्रज्ञानाची केंद्र सरकारची संस्था) प्रमाणपत्र असेल तर तेही फाइलला लावा, बँकेतही त्याचा उपयोग होतो.

छाननी शुल्क, विकास शुल्क आणि लागू असेल तर कामगार उपकर भरावा लागतो. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, पुढे वर्षावर्षाने वाढवून एकूण चार वर्षं. ते मिळाल्यावरच कारखान्याशी करार करा, आणि पैशाचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधून घ्या. पॅनल ठरवताना आमच्याकडचा मे महिना डोळ्यांसमोर ठेवा. पॅनलच्या आतल्या थरासाठी मी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) घ्यायला सांगतो, कारण ते उष्णता अडवतं आणि पेटतही नाही.

पाया

इथे हात आखडू नका. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर नुसता स्लॅब टाकला तर मॉड्यूलचे सांधे दोन हंगामांत उघडतात. खड्डे पक्क्या मुरमापर्यंत न्या, काळी माती काढून मुरूम भरा, दबाई करा.

गुरुजींच्या घरी एक अँकर बोल्ट (पायात रोवलेला, घर जखडणारा बोल्ट) ओतकामात दोन सेंटिमीटर सरकला होता. वर बेसप्लेटचं (खांबाच्या तळाच्या पोलादी पट्टीचं) भोक कारखान्यातून मारून आलेलं, तिथे दोन मिलिमीटरचीही सूट नव्हती. काँक्रीट फोडून बोल्ट पुन्हा बसवला, चार दिवस गेले. तेव्हापासून मी कारखान्याकडून बेसप्लेटचा पत्र्याचा फर्मा आधीच मागवतो आणि बोल्ट त्यात अडकवूनच काँक्रीट ओततो. ड्रेनेज नसलेल्या वसाहतीत सेप्टिक टँकही याच वेळी करून घ्या. जोतं झालं की जोते तपासणीचं प्रमाणपत्र घ्या, त्याआधी ट्रेलर बोलवू नका.

क्रेनचा दिवस

आदल्या आठवड्यात गल्ली टेपने मोजा: वळण, झाडाच्या फांद्या, विजेच्या तारा. तारा आड येत असतील तर महावितरणकडे त्या वेळेपुरता पुरवठा बंद ठेवण्याचा अर्ज द्या. मृगानंतर क्रेन काळ्या मातीत रुतते, म्हणून हा दिवस मे संपायच्या आत ठेवा.

शेवटी पूर्णत्वाचा दाखला जोडून भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घरात राहायची परवानगी, मागा. तपासणीपर्यंत बेसप्लेटचे बोल्ट आणि सेप्टिक टँकचं झाकण झाकू नका, तिथेच बघितलं जातं. भोगवटा आला की घरपट्टीची नोंद करून टाका आणि मगच सामान हलवा.