क्लेम केसमधली मेडिकल तपासणी : या चुका टाळा

मोटार अपघाताच्या दाव्यात अशिलाला मेडिकल बोर्डापुढे, म्हणजे अपंगत्व किती टक्के ते ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरांच्या समितीपुढे, पाठवायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. वर्षभर अंथरुणात काढलेला माणूस तिथे पाच मिनिटांत दोन शब्द बोलून केस घालवून येतो. ते दोन शब्द म्हणजे "बरं आहे".

माझा एक अशील सेंटरिंगचा कारागीर होता. वय अठ्ठावीस. ट्रकच्या धडकेत उजव्या गुडघ्याखालचं हाड सांध्यापर्यंत फुटलं, आत प्लेट बसली. गुडघा काटकोनापुढे वाकेना. शिडी बंद, उकिडवं बसणं बंद. विमा कंपनीने आमच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर हरकत घेतली, म्हणून कोर्टाने सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाकडे पाठवलं. डॉक्टरांनी विचारलं, "कसं काय आता?" हा हात जोडून म्हणाला, "बरं आहे साहेब, तुमच्या कृपेनं." अहवालात आलं : विशेष तक्रार नाही. कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत तेवढं एकच वाक्य धरून ठेवलं. शेवटी त्याच्या मुकादमाला साक्षीला आणावं लागलं, तेव्हा कुठे हा माणूस अपघातानंतर स्लॅबवर चढलाच नाही, हे कागदावर आलं. त्यात आठ महिने गेले.

मोठ्या माणसाने विचारपूस केली की बरं आहे म्हणायचं, ही आपली रीत आहे. पण तिथे विचारपूस नसते, मोजमाप असतं.

तेव्हापासून मी आदल्या संध्याकाळी अशिलाला ऑफिसात बोलावतो. खुर्ची बाजूला सारून सतरंजीवर मांडी घालायला लावतो, मग उठायला. हात कुठे टेकावा लागतो, ओठ कधी आवळले जातात, ते त्याचं त्यालाच कळतं. मग त्याच्याच शब्दांत एक कागद लिहितो : "आधी शिडीवरून फळ्या वर द्यायचो. आता दोन पायऱ्या चढलो की गुडघा धरतो." तासभर जातो. नवे वकील हे काम फोनवर उरकतात, ते मला पटत नाही.

याच्या उलट चूक म्हणजे लंगडण्याचं सोंग. हॉस्पिटलच्या फाटकावरचे एजंट ते शिकवतात आणि माझा संताप होतो. कमी वापरलेल्या पायाची मांडी बारीक होते. डॉक्टर टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजतात, सांध्याचा कोन मोजतात. आकडे आणि लंगडणं जुळलं नाही, की खरं दुखणंही खोटं ठरतं.

दुसरी मोठी चूक, अपंगत्वाचे 'टक्के जास्त देणारा' डॉक्टर शोधणं. सर्टिफिकेट मिळतं, पण साक्षीला डॉक्टर येत नाहीत. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जा, चार हेलपाटे पडले तरी. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा सढळ हाताने वाटलेल्या सर्टिफिकेटांबद्दल हे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणांना सावध केलं आहे.

त्याच निकालाने आणखी एक घोळ मिटवला. पायाचे 40 टक्के म्हणजे सबंध शरीराचे 40 टक्के नव्हेत आणि शरीराचे टक्के म्हणजे कमाईतली घटही नव्हे. डावा हात गेलेला सुतार कमाईतून जवळजवळ उठतो, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून आपलं काम काय होतं, ते डॉक्टरांना सांगा. भरपाई काढताना वर्षाच्या कमाईतली घट वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात, त्याला गुणक म्हणतात. सव्वीस ते तीस वयाला गुणक 17 लागतो. महिना 15,000 कमावणाऱ्याच्या बाबतीत कमाईतल्या घटीचा प्रत्येक टक्का 30,600 रुपयांचा असतो, भविष्यातली वाढ न धरता.

बाकीचं थोडक्यात. हाड जुळायच्या आत सर्टिफिकेटची घाई करू नका. तारीख चुकवू नका, कंपनी त्याचाच मुद्दा करते. एक्स-रेच्या मूळ फिल्म न्या, मोबाइलमधले फोटो चालत नाहीत. आणि सर्टिफिकेट हातात पडलं की तिथेच उभं राहून वाचा : टक्के पायाचे लिहिलेत की शरीराचे, ते नसेल तर डॉक्टर उठायच्या आत विचारा.