मूडबोर्ड लावायच्या आधी वावरात जाऊन या

अँड्रोजिनस, म्हणजे बाईचे की माणसाचे असा भेद नसलेल्या कपड्यांचा प्रोजेक्ट मिळाला की मूडबोर्डासाठी, म्हणजे कपड्याची कल्पना फोटो नि कापडाच्या तुकड्यांनी मांडणाऱ्या पुठ्ठ्यासाठी, पोरं आधी मोबाइल उघडतात. अर्ध्या तासात साठ फोटो जमतात, सगळे राखाडी सुटातल्या उंच, सडपातळ मॉडेलचे. बाई-माणूस भेद नको म्हणजे रंगही नको, असा कुणी कायदा केलाय की काय कोण जाणे! म्हणून आधी मोबाइल चार्जिंगला लावा आणि वहीत एक ओळ लिहा: हा कपडा कोण घालणार, आणि काय करताना? 'दोघांनाही चालेल' एवढ्यानं भागत नाही. तसा तर रेनकोटही चालतो.

मग वावरात जा. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू असते, तेव्हा गेलात तर उत्तम. बायकांनी पातळावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा सदरा चढवलेला असतो, डोक्याला दुपट्टा, कमरेला कापसाची ओटी. नीट बघा. सदऱ्याचा तिरा, म्हणजे खांद्याची पट्टी, खांद्यावरून घसरून दंडावर आलेला असतो. ओटीच्या गाठीनं मधला घेर चेपला जातो आणि खालचा भाग आपोआप फुलतो. कॉलर घामानं विरलेली, मनगटाचं बटन कधीच लावलेलं नसतं. वर्धा जिल्ह्यातल्या एका वावरात मी एका मावशीला विचारलं, "सदरा मरदाचा घातला का वो?" ती म्हणाली, "वावरात कोन पाह्यते बापू मरदाचा का बाईचा, ऊन नाही लागलं म्हंजे झालं." माझ्या बोर्डाच्या मधोमध हेच वाक्य लागलं, फोटो नंतर आला. फोटो काढायचा तर आधी विचारा आणि काढल्यावर दाखवा. चेहरा नको असेल तर खांदा नि कंबर पुरते.

घरी आल्यावर आजीची पेटी उघडायला लावा. नऊवारी लुगडं आणि आजोबांचं धोतर शेजारी पसरा. दोन्ही बिनशिलाईची, दोन्हींचा कासोटा मागे. दोन्ही नेसल्यावरचे फोटो बोर्डावर जवळजवळ लावा. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नातलग असतील तर दंडार या लोकनाट्यातल्या बाईचं सोंग घेणाऱ्या माणसाला भेटा, पदर कुठे खोचतो ते विचारा. मात्र तो वेश जसाच्या तसा उचलू नका. तो माणूस बाई दिसायला बघतो, तुमचं काम वेगळं आहे. अर्धनारीश्वराचंही तेच. दर वर्गात दोघंतिघं लावतातच, पण त्यात मधोमध सरळ रेघ असते. आपल्याला ती रेघ सापडायलाच नको.

परदेशी संदर्भ दोनच ठेवा. फ्रेंच डिझायनर इव्ह सां लोराँ यांनी १९६६ मध्ये बायकांसाठी टक्सिडो, म्हणजे माणसांचा पार्टीचा काळा सूट, आणला, पण तो बाईच्या अंगानं बेतलेला. जपानी डिझायनर रेई कावाकुबो यांनी १९८१ मध्ये पॅरिसला कपडे दाखवले, ते अंगापासून सुटे. ब्रँडचं नाव कॉम दे गार्सों, म्हणजे 'पोरांसारखं'. वावरातल्या सदऱ्याशी माझ्या मते या दुसऱ्या संदर्भाचंच जमतं.

कापडाचे तुकडे तीन-तीन इंचांचे, झिगझॅग कात्रीनं कापलेले. वर्ध्याच्या मगन संग्रहालयातली खादी घेतलीत तर अर्धा तुकडा धुऊन मगच लावा, आटते. भंडाऱ्याकडच्या करवतकाठी टसरचा काठ मिळाला तर सोडू नका. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, ना फूल ना वेल, गळ्यालाही चालते नि बाहीलाही. रंगांसाठी कोरा कापूस, काळी माती, फाल्गुनात उकळलेली पळसाची फुलं. गुलाबी-निळ्याची अदलाबदल करून काही सिद्ध होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मापांना द्या, कारण मूडबोर्ड इथेच लटकतात. भाऊ आणि बहीण दोघांची खांदा, छाती, सीट (नितंबाचा घेर) ही मापं घेऊन कोपऱ्यात लिहा. खांद्याचा फरक उतरत्या तिऱ्यानं झाकता येतो, सीटचा कळी, म्हणजे कापडाचा तिकोनी तुकडा, घालून, कमरेचा नेफा-नाडीनं. छातीचे टक्स, म्हणजे उभारासाठी शिवलेल्या चिमट्या, टाळा. बटनाचा प्रश्न फसवा आहे: मर्दानी सदऱ्याचं बटन उजव्या पट्टीवर, जनानी शर्टाचं डाव्या. काज-बटन ठेवलं की बाजू निवडावीच लागते. बाराबंदीसारखे बंद लावले तर भांडणच मिटतं. त्या बंदाची एक खरी गाठ बोर्डावर टाचा.

बोर्डासाठी कुलरच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, वर पांढरी ड्रॉइंग शीट. दोन दिवस टाचण्यांवरच ठेवा, फोटो हलवत राहा, निम्मे काढून टाका. फेविकॉल थेट फोटोवर फासला की कागद फुगतो, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी. प्रिंट मॅट कागदावर. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे आधी एकच काढून रंग बघा, मातीचा काळा हमखास निळसर येतो.

न्यायच्या दिवशी खताच्या पोत्यातलं आतलं प्लास्टिक धुऊन, वाळवून बोर्डाला गुंडाळा. माझा पहिला बोर्ड बसच्या खिडकीशी भिजला होता, पळसाचा रंग थेट भावाच्या मापांवर उतरला.