जुन्या कॉर्व्हेटचा कॉम्प्युटर काढण्याआधी गिअरबॉक्स बघा

१९८४च्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारचा इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर काढून कार्ब्युरेटर बसवला की इंजिन चालतं, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम अर्धवट राहतं.

१. मूळचा ७००आर४ गिअरबॉक्स ठेवा. त्याचे गिअर तेलाच्या दाबावर बदलतात. त्याऐवजी ४एल६०ई हा इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स घेतलात तर वेगळा कंट्रोलर लागतोच. माझ्या मते तो खर्च नको.

२. ७००आर४चं लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) मात्र कॉम्प्युटरच लावतो, त्याला स्वतंत्र वायरिंग द्या. नाहीतर हायवेवर तेल जास्त तापतं, आणि आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतो! जोडीला ऑइल कूलर बसवाच.

जपा: थ्रॉटलची टीव्ही केबल (थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल, ॲक्सिलरेटरनुसार गिअरबॉक्समधला तेलाचा दाब ठरवणारी तार) कार्ब्युरेटरवर नीट जुळली नाही तर दाब कमी पडून आतले क्लच जळतात. ती जुळेपर्यंत गाडी गल्लीतही फिरवू नका.