घरातली भाषा नोंदवताना

जनगणनेला घरोघर गेलात की मातृभाषा माणसागणिक लिहा. कुटुंबप्रमुखाची सगळ्यांना लावू नका. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई बोलायची ती. आमच्या वेंगुर्ल्यात एकाच घरात सासू मालवणी सांगते, सून कोंकणी. दोन्ही खरं. दारात अनोळखी माणूस दिसला की लोक लगेच पुस्तकी मराठीत शिरतात, म्हणून मी आधी बांगडा माशाचा भाव विचारते, म्हणजे घरचीच भाषा तोंडी येते. मालवणी सांगितली तर मालवणीच लिहा. 2011 साली ती कोंकणीखाली मोजली गेली. ते वर्गीकरण नंतरचं, आपण नोंद बदलायची नाही. इंग्रजी येत असल्यास ती 'इतर भाषां'च्या रकान्यात. तिथे दोनच मावतात. जनगणनेबाहेरच्या, गावाच्या पाहणीत मात्र नुसतं 'इंग्रजी येतं का?' नको. औषधाची पट्टी पुढे करा: नाव वाचलं का, मुदत कळली का, वेगवेगळं टिपा.